टेक्सासमध्ये पिस्तूल बाळगण्याचा परवाना: लागत नसतानाही मी तो का काढला

पारवा (फ्रिस्को, टेक्सास)

टेक्सासमध्ये आता पिस्तूल बाळगायला परवाना लागत नाही, मग तुम्ही तो कशासाठी काढलात, असे इथल्या बऱ्याच मराठी मंडळींनी मला गेल्या काही महिन्यांत विचारले. प्रत्येकाला फोनवर तुकड्यातुकड्याने सांगण्यापेक्षा सगळे एका ठिकाणी लिहावे, म्हणून हा धागा काढतो आहे. मी वकील नाही. कलमे मुळातून वाचली, प्रशिक्षकांना भरपूर प्रश्न विचारले आणि एका वकिलांकडे फी भरून तासभर बसलो, एवढ्या आधारावर लिहितो आहे.

आम्ही दोघे वाणसामानाचे छोटे दुकान चालवतो. रात्री दुकान बंद करून दिवसाची रोकड घेऊन मागच्या अंधाऱ्या पार्किंगमधून गाडीपर्यंत जावे लागते, आणि बऱ्याचदा ते काम माझ्या पत्नीकडे असते. मागच्या हिवाळ्यात आमच्याच रांगेतल्या एका दुकानदाराला तिथेच पिस्तूल दाखवून लुटले. त्या रात्रीपासून आमच्या घरात हा विषय निघाला आणि निर्णय व्हायला आठ महिने लागले. ते आठ महिने वाया गेले असे मला वाटत नाही.

हा परवाना आला कसा, हे थोडक्यात सांगतो, कारण त्यावाचून टेक्सासमधल्या लोकांच्या भावना कळत नाहीत. १९९१ च्या ऑक्टोबरमध्ये किलीन गावातल्या ल्यूबीज कॅफेटेरियात एका माणसाने गोळ्या घालून २३ जणांना मारले. सुझॅना ग्रॅशिया हप या तिथे आई-वडिलांसोबत जेवत होत्या. त्यांचे रिव्हॉल्व्हर बाहेर गाडीत होते, कारण ते अंगावर बाळगणे तेव्हा बेकायदेशीर होते, आणि त्यांचे आई-वडील दोघेही त्या दिवशी मारले गेले. पुढे त्यांनी ठिकठिकाणी साक्षी दिल्या आणि त्या स्वतः आमदारही झाल्या. १९९५ मध्ये राज्यपाल जॉर्ज बुश यांनी कायद्यावर सही केली आणि १९९६ पासून पिस्तूल लपवून बाळगण्याचे परवाने मिळू लागले. २०१६ पासून परवानाधारकाला ते होल्स्टरमध्ये (पिस्तुलाच्या म्यानात) उघडपणेही बाळगता येऊ लागले, म्हणून नावातला ‘लपवून’ हा शब्द गेला आणि ‘लायसन्स टू कॅरी’ एवढेच उरले. १ सप्टेंबर २०२१ पासून, २१ वर्षे पूर्ण झालेल्या आणि कायद्याने बंदी नसलेल्या माणसाला परवान्याशिवायही पिस्तूल बाळगता येते.

तरीही मी परवाना काढला, आणि त्याचे सर्वात मोठे कारण शाळा हे आहे. फेडरल कायद्यानुसार शाळेच्या आवारापासून १,००० फुटांच्या आत बंदूक बाळगणे हा गुन्हा आहे. ज्या राज्यात ती शाळा आहे त्याच राज्याने दिलेला परवाना असेल, तर त्यातून सूट मिळते. आमच्या भागात दर मैल-दीड मैलावर एक शाळा आहे. घरापासून दुकानापर्यंतच्या सहा मैलांत मी नकाशावर मोजल्या, तर अशी चार वर्तुळे रस्त्यावर येतात. राज्य म्हणते परवाना नको आणि केंद्र म्हणते परवान्याशिवाय या रस्त्याने भरलेले पिस्तूल नेऊ नको. या दोन वाक्यांच्या मध्ये मला उभे राहायचे नव्हते.

दुसरे कारण पाट्यांचे. टेक्सासमध्ये दुकानाच्या दारावर ३०.०५, ३०.०६ आणि ३०.०७ अशा क्रमांकांच्या पाट्या असतात. हे दंडसंहितेतल्या कलमांचे क्रमांक आहेत. ३०.०५ ची पाटी परवाना नसलेल्यांना अडवते, ३०.०६ ची परवानाधारकाला लपवलेले पिस्तूल आत नेण्यास मनाई करते आणि ३०.०७ ची उघडपणे नेण्यास. ३०.०६ ची पाटी इंग्रजी आणि स्पॅनिश अशा दोन्ही भाषांत, किमान एक इंच उंचीच्या अक्षरांत असावी लागते. याखेरीज ज्या ठिकाणाचे निम्म्याहून अधिक उत्पन्न तिथेच प्यायल्या जाणाऱ्या दारूतून येते, तिथे लाल अक्षरांत ५१ टक्के असे लिहिलेले असते. तिथे परवाना असला तरी पिस्तूल नेता येत नाही. परवान्याच्या वर्गात ज्या विषयावर सर्वात जास्त वेळ गेला आणि जावा, तो हाच आहे.

आता प्रक्रिया. अर्ज सार्वजनिक सुरक्षा विभागाच्या संकेतस्थळावर भरायचा असून शुल्क ४० डॉलर आहे. बोटांचे ठसे विभागाने नेमलेल्या केंद्रावर वेळ घेऊन द्यावे लागतात. वर्ग चार ते सहा तासांचा असतो आणि तो ऑनलाइनही करता येतो, पण मी आग्रहाने सांगेन की प्रत्यक्ष वर्गातच बसा, कारण खरे शिक्षण लोकांच्या प्रश्नांतून होते. त्यानंतर रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या जागी, ५० गोळ्यांची परीक्षा असते: ३ यार्डांवरून २०, ७ यार्डांवरून २० आणि १५ यार्डांवरून १०. एकूण २५० गुणांपैकी १७५ मिळवावे लागतात. पूर्ण अर्ज पोहोचल्यापासून ६० दिवसांत विभागाने निर्णय द्यायचा असतो. पहिला परवाना चार वर्षे झाल्यानंतरच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत चालतो आणि नूतनीकरण पाच वर्षांचे होते. गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेल्यांना, कौटुंबिक हिंसाचाराचा संरक्षण आदेश असलेल्यांना, मुलांच्या पोटगीची थकबाकी असलेल्यांना आणि करबुडव्यांना परवाना मिळत नाही.

हे सगळे मी जेवढे सोपे लिहिले आहे, तेवढेच ते खरोखर सोपे आहे. अवघड भाग परवाना हातात आल्यावर सुरू होतो.

नवा_प्लेनोकर

आपण फार नीट लिहिले आहे, त्याबद्दल आभार. मी एच-१बी व्हिसावर आहे आणि माझी पत्नी एच-४ वर. आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला अर्ज, मंजूर होऊन सहा वर्षे झाली, पण ग्रीन कार्डाची रांग पुढे सरकत नाही. घर स्वतःचे आहे, कर भरतो, वाहन परवाना टेक्सासचा आहे. आम्हाला अर्ज करता येईल का? आणि ऑफिसच्या टीमने पुढच्या महिन्यात शूटिंग रेंजवर जाण्याचा कार्यक्रम ठरवला आहे; तिथे जायला तरी हरकत नसावी, असे मी धरून चाललो आहे.

पारवा

कृपया अर्जही करू नका आणि रेंजवर बंदूक हातातही घेऊ नका. इतक्या ठामपणे लिहिल्याबद्दल क्षमा करा, पण हा धागा काढण्यामागचे निम्मे कारण हेच आहे.

‘नॉन-इमिग्रंट’, म्हणजे तात्पुरत्या मुक्कामासाठी मिळालेल्या व्हिसावर, एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१, बी-२ अशा कोणत्याही व्हिसावर, इथे असलेल्या माणसाने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगणे हा फेडरल गुन्हा आहे. ही तरतूद १९९८ ची आहे. त्याच्या आदल्या वर्षी एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या गच्चीवर एका परदेशी पाहुण्याने फ्लोरिडात विकत घेतलेल्या पिस्तुलातून गोळीबार केला होता. २०२२ पासून या गुन्ह्याची कमाल शिक्षा १० वर्षांवरून १५ वर्षांवर नेली आहे. रेंजवर भाड्याने घेतलेली बंदूक तासभर हातात धरणे हेसुद्धा ‘जवळ बाळगणे’ ठरते. ती बंदूक मित्राची असली, म्हणून फरक पडत नाही.

याला काही अपवाद आहेत. त्यांतला नेहमी सांगितला जाणारा अपवाद म्हणजे एखाद्या राज्याचा वैध शिकारीचा परवाना जवळ असणे. त्या वाटेने जाणारे लोक आहेत आणि ती वाट कायद्यात लिहिलेली आहे. पण ज्याचे ग्रीन कार्ड रांगेत आहे, त्याने इमिग्रेशन वकिलाच्या लेखी सल्ल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. टीमसोबत जरूर जा, काचेमागे बसा, आणि कोणी आग्रह केला तर खरे कारण सांगा. सहकाऱ्यांना बहुधा हे ठाऊकही नसते.

ग्रीन कार्डधारकाला मात्र फेडरल कायद्याने मनाई नाही आणि टेक्सासचा परवानाही मिळतो. मी स्वतः ग्रीन कार्डावर आहे.

नवा_प्लेनोकर

मला याची काहीच कल्पना नव्हती. मागच्या वर्षी मी एकदा रेंजवर जाऊन आलो आहे. ते आता मनाला लागून राहिले आहे.

दमयंती_डी (ह्यूस्टन)

नवा_प्लेनोकर, झालेल्या गोष्टीबद्दल इथे आणखी तपशील लिहू नका. वकिलांशी खासगीत बोला. मी कायदा क्षेत्रात काम करते, फौजदारी शाखेत नाही, पण एका मुद्द्याची भर घालणे मला आवश्यक वाटते.

पारवा म्हणतात तसे ग्रीन कार्डधारकाला बंदूक बाळगता येते. परंतु ग्रीन कार्डधारक आणि नागरिक यांच्या हातून घडलेल्या एकाच चुकीचा परिणाम अगदी वेगळा होतो. इमिग्रेशन कायद्यात बंदुकीसंबंधी गुन्ह्यांचे स्वतंत्र कलम आहे. बंदूक खरेदी करणे, विकणे, जवळ ठेवणे किंवा बाळगणे यांसंबंधीचा कोणताही कायदा मोडल्याबद्दल दोष सिद्ध झाला, तर ग्रीन कार्डधारकाला देशाबाहेर काढण्याची कारवाई होऊ शकते, आणि इथे येऊन कितीही वर्षे झाली असली तरी हे कलम लागू होते. ज्या चुकीबद्दल शेजारचा अमेरिकी माणूस दंड भरून घरी जाईल, तिच्यामुळे आपले वीस वर्षांचे बस्तान उठू शकते. म्हणून ‘परवाना लागत नाही’ हे वाक्य आपल्यासाठी अर्धेच खरे आहे. परवान्याने मिळणारी प्रत्येक सूट आणि प्रत्येक बचाव नागरिकापेक्षा आपल्याला अधिक मोलाचा आहे.

आणखी एक गोष्ट. बंदूक विकत घेताना जो ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरावा लागतो, त्यात गांजाच्या वापराबद्दल प्रश्न आहे. राज्याने गांजा कायदेशीर केला असला तरी फेडरल कायदा तो मानत नाही, असे त्या फॉर्मवरच लिहिलेले आहे. गांजा कायदेशीर असलेल्या कोलोरॅडोच्या सहलीवरून आल्यावर हा फॉर्म भरताना तरुण मुलांनी नीट विचार करावा. फॉर्मवर खोटे उत्तर देणे हा वेगळा गुन्हा आहे.

एडिसनकर (न्यू जर्सी)

टेक्सासचे वर्णन वाचताना आपण एकाच देशात राहतो यावर विश्वास बसत नाही, म्हणून आमच्याकडची पद्धत लिहितो.

न्यू जर्सीत २०२२ पर्यंत सामान्य माणसाला पिस्तूल बाळगण्याचा परवाना मिळत नव्हता, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. ‘सबळ गरज’ सिद्ध करावी लागे आणि जिवाला विशिष्ट धोका असल्याचे पुरावे द्यावे लागत. २३ जून २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ब्रूएन खटल्यात न्यूयॉर्कचा असाच नियम रद्द केला, आणि त्याबरोबर आमच्याकडची अटही गेली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राज्याने नवा कायदा करून शुल्क वाढवले, प्रशिक्षण वाढवले आणि जिथे पिस्तूल नेता येणार नाही अशा ठिकाणांची लांबलचक यादी घातली. त्या यादीतील काही कलमांवर न्यायालयांत झगडा झाला आहे, म्हणून अर्ज करताना त्या दिवशी कोणते कलम लागू आहे ते तपासावे.

आधी बंदूक खरेदीचे ओळखपत्र काढावे लागते. मग प्रत्येक पिस्तुलासाठी खरेदीची वेगळी परवानगी. त्यानंतर बाळगण्याचा अर्ज, २०० डॉलर शुल्क, रेंजवरची परीक्षा, आणि किमान तीन वर्षे ओळखत असलेल्या, नात्यात नसलेल्या चार जणांची शिफारस. एवढे करून परवाना दोन वर्षांचा. मला शिफारशींचीच अडचण आली, कारण इथे मला इतकी वर्षे ओळखणारे बहुतेक जण मराठी मंडळातले आहेत, आणि पोलिसांकडून आपल्याला विचारणा होणार हे ऐकताच दोघांनी नम्रपणे नकार दिला. त्यांचा मला राग आला नाही. आपल्याकडे पोलिसांचा फोन येणे ही गोष्टच घरात सांगण्यासारखी नसते.

पण मुख्यतः लिहायचे आहे ते टेक्सास आणि पेनसिल्व्हेनियातल्या लोकांसाठी. तुमचा परवाना न्यू जर्सी मानत नाही. २०१३ मध्ये फिलाडेल्फियातील एक तरुण आई, पेनसिल्व्हेनियाचा परवाना जवळ असताना, पूल ओलांडून आमच्या राज्यात आली. वाहतूक पोलिसाने थांबवल्यावर तिने स्वतःहून सांगितले की जवळ पिस्तूल आहे आणि परवानाही आहे. तिला अटक झाली, आणि तिच्यावरच्या आरोपाला किमान साडेतीन वर्षांचा तुरुंगवास होता. २०१५ मध्ये राज्यपाल ख्रिस्टी यांनी तिला माफी दिली. ती पूर्ण प्रामाणिक होती, आणि तिच्या प्रामाणिकपणाने तिला वाचवले नाही.

पारवा

एडिसनकरांनी सांगितलेला प्रसंग आमच्या वर्गातही सांगितला गेला होता. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, इलिनॉय, न्यू जर्सी, मेरीलँड, मॅसॅच्युसेट्स, ओरेगॉन आणि हवाई अशी काही राज्ये टेक्सासचा परवाना मानत नाहीत. गाडीने जाताना अशा राज्यातून नुसते पार व्हायचे असेल, तर १९८६ च्या फेडरल कायद्याने संरक्षण दिले आहे. पण त्यासाठी बंदूक रिकामी हवी, ती आणि काडतुसे हाताशी येणार नाहीत अशी हवीत, आणि गाडीला वेगळी डिकी नसेल तर कुलूपबंद पेटीत हवीत. समोरचा हातमोज्यांचा कप्पा त्यासाठी चालत नाही. शिवाय दोन्ही टोकांच्या राज्यांत ती बंदूक जवळ असणे कायदेशीर हवे. न्यू जर्सीतल्या चुलत भावाकडे दोन दिवस मुक्काम केला, तर ते ‘पार होणे’ राहत नाही. आम्ही पिस्तूल घरीच ठेवून जातो.

नेपरविलकर (इलिनॉय)

देशात सर्वात शेवटी हा परवाना देणारे राज्य आमचे आहे. २०१२ च्या डिसेंबरमध्ये फेडरल अपील न्यायालयाने इलिनॉयची सरसकट बंदी घटनाबाह्य ठरवली आणि २०१३ मध्ये विधिमंडळाला कायदा करावा लागला. प्रशिक्षण १६ तासांचे आहे, शुल्क १५० डॉलर आहे, आणि त्याआधी बंदूकमालकाचे ओळखपत्र, ज्याला इथे सगळे ‘फॉइड कार्ड’ म्हणतात, ते असावे लागते. परीक्षा मात्र ३० गोळ्यांची आहे, ५, ७ आणि १० यार्डांवरून.

शिकागोत रोजच्या वापराच्या दृष्टीने परवान्याचा उपयोग मर्यादित आहे, कारण बस आणि लोकल गाडीत पिस्तूल नेता येत नाही. ज्यांच्याकडे गाडी नाही आणि जे रात्रीच्या गाडीने घरी येतात, त्यांनाच धोका अधिक वाटतो आणि त्यांनाच हा परवाना उपयोगी पडत नाही. मला हे अन्यायाचे वाटते, पण कायदा तो आहे.

१६ तासांबद्दल मात्र माझी तक्रार नाही. पहिल्या दिवशी माझ्या बहुतेक गोळ्या खाली डावीकडे जात होत्या. आवाज होणार या भीतीने उजव्या हाताचा माणूस चाप ओढण्याऐवजी झटका देतो आणि नळीचे तोंड खाली वळते. हे वाचून कळत नाही. हाताला कळावे लागते. बाहेर उडणारी पितळी पुंगळी तापलेली असते आणि ती सदऱ्याच्या गळ्यातून आत जाते, म्हणून रेंजवर बंद गळ्याचा कपडा घालावा, आणि घरी येऊन मुलांना उचलण्याआधी हात साबणाने स्वच्छ धुवावेत, कारण हाताला शिसे लागलेले असते.

सोनचाफा (सॅन अँटोनियो)

मी मनोरुग्ण विभागात परिचारिका म्हणून काम करते. या धाग्यावर अजून जे कोणी लिहिले नाही, ते मला लिहायचे आहे.

अमेरिकेत २०२१ मध्ये बंदुकीने ४८,८३० माणसे मरण पावली आणि त्यांपैकी २६,३२८ आत्महत्या होत्या. म्हणजे घरात बंदूक येते, तेव्हा ज्याच्यापासून रक्षण करायचे तो दरोडेखोर क्वचितच येतो. पण घरातल्या माणसाची वाईट रात्र मात्र येऊ शकते. मी ज्या रुग्णांशी बोलते, त्यांच्यातले कितीतरी जण सांगतात की तो क्षण काही मिनिटांचा होता. त्या मिनिटांत हाताशी काय होते, यावर सगळे ठरते. औषधांच्या गोळ्या घेतलेले पुष्कळ लोक माझ्याशी बोलायला जिवंत राहतात. बंदूक वापरलेले बहुतेक राहत नाहीत.

आपल्या समाजात नोकरी जाणे आणि त्यापाठोपाठ व्हिसाची ६० दिवसांची मुदत सुरू होणे, घटस्फोट, परीक्षेत मागे पडलेली मुले, या गोष्टी घराच्या चार भिंतींबाहेर बोलल्या जात नाहीत. म्हणून परवान्याचा अर्ज करण्याआधी पती-पत्नींनी एकमेकांना एक प्रश्न मोकळेपणाने विचारावा: आपल्या दोघांपैकी किंवा मुलांपैकी कोणाला गेल्या दोन-तीन वर्षांत जगणे नकोसे वाटले होते का? उत्तर होय असेल, तर बंदूक आणू नका. आणलेली असेल, तर काही काळ घराबाहेर ठेवण्याची सोय करा. ९८८ या आत्महत्या रोखण्यासाठीच्या मदत क्रमांकावर कोणत्याही वेळी फोन करता येतो, आणि तिथे व्हिसा विचारत नाहीत.

पारवा

सोनचाफा, आपले लिहिणे दोनदा वाचले. आमच्या आठ महिन्यांपैकी तीन महिने याच प्रश्नात गेले, हे मी पहिल्या पोस्टमध्ये लिहायला हवे होते. आमचा मुलगा १४ वर्षांचा आहे. टेक्सासमध्ये १७ वर्षांखालील मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागेल अशी ठेवणे हा गुन्हा आहे; पण आमचा निर्णय गुन्ह्याच्या भीतीने झाला नाही. त्याचा एक वर्गमित्र गेल्या वर्षी गेला. त्यानंतर आम्ही ठरवले की पिस्तूल एकतर अंगावर असेल, नाहीतर जमिनीला बोल्टने घट्ट बसवलेल्या सेफमध्ये. पलंगाजवळच्या कप्प्यात, पर्समध्ये, गाडीच्या आसनाखाली ते कधीही राहणार नाही. सेफचा आकडा आम्ही दोघांनीच पाठ केला आहे, आणि तो कोणाचीही जन्मतारीख नाही.

वाटसरू_२

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. मी नागरिक आहे, मला परवाना मिळाला आहे. पुढच्या महिन्यात आई-वडील सहा महिन्यांसाठी सांगलीहून येत आहेत, बी-२ व्हिसावर. दमयंती_डी यांनी वर लिहिलेले वाचून काळजी वाटली. घरात पिस्तूल असताना त्यांचे इथे राहणे अडचणीचे आहे का?

दमयंती_डी

घरात पिस्तूल असणे आणि ते त्यांच्या ताब्यात असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पण कायद्यात ताबा म्हणजे हातात धरणे एवढेच नाही. वस्तू कुठे आहे हे माहीत असणे आणि मनात येईल तेव्हा ती घेता येणे, यालाही ताबा म्हणता येते. म्हणून सेफ बंद असावा आणि त्याची किल्ली किंवा आकडा त्यांच्याकडे नसावा. आपण कामावर गेल्यावर ‘घरी एकटे आहात, तर हे जवळ असू द्या’ असे प्रेमापोटीसुद्धा करू नये. पतीकडे ग्रीन कार्ड आणि पत्नी अजून एच-१बी वर, अशा घरांनाही हेच लागू आहे. तिथे दोघांचा मिळून एक सेफ असणे धोक्याचे आहे.

वाटसरू_२

आभारी आहे. आजच आकडा बदलतो. आधीचा आकडा वडिलांना ठाऊक होता, कारण मागच्या खेपेस आम्ही त्यात आईचे दागिने ठेवले होते.

रानजाई (ऑस्टिन)

विमानतळाबद्दल कोणीतरी लिहायलाच हवे. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या विमानतळांच्या तपासणी नाक्यांवर ६,७३७ बंदुका सापडल्या आणि त्यांतल्या बहुतांश भरलेल्या होत्या. यातले पुष्कळ लोक बंदूक बॅगेत आहे हे विसरलेले असतात. देशांतर्गत प्रवासात बंदूक न्यायची, तर ती रिकामी, कडक कवचाच्या कुलूपबंद पेटीत, चेक-इन सामानात, आणि काउंटरवर तोंडी सांगून न्यावी लागते.

भारतात जाताना तर तिचा विचारही करू नये. पण मला लिहायचे आहे ते एका काडतुसाबद्दल. माझा भाऊ रेंजवर जाताना पाठीवरची जी बॅग नेत असे, तीच घेऊन दोन वर्षांपूर्वी आईच्या शस्त्रक्रियेसाठी भारतात गेला. इथल्या तपासणीत काही निघाले नाही. परतीच्या प्रवासात तिथल्या विमानतळावर बॅगेच्या आतल्या कप्प्यात एक जिवंत काडतूस सापडले. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवला गेला, विमान चुकले आणि पारपत्र अडकले. भारतीय न्यायालये ‘जाणीवपूर्वक ताबा’ होता का, हे पाहतात, आणि नकळत राहिलेल्या एकट्या काडतुसाची अशी प्रकरणे उच्च न्यायालयांनी रद्दही केली आहेत. त्याचेही अखेरीस रद्द झाले. पण तोपर्यंत अकरा महिने गेले, इथली नोकरी गेली, आणि आई दवाखान्यातून घरी आल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला तो पोलिसांबद्दल.

रेंजची बॅग वेगळी ठेवा, भडक रंगाची घ्या आणि ती दुसऱ्या कशासाठीही वापरू नका.

जुना_वाचक (पुणे)

माझ्याकडे भारतातला शस्त्र परवाना आहे, म्हणून एकच फरक नोंदवतो. इथे पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत आयुक्त आणि इतरत्र जिल्हा दंडाधिकारी परवाना देतात. स्थानिक ठाण्याची चौकशी होते आणि देणे न देणे हे पुष्कळसे अधिकाऱ्याच्या समाधानावर असते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवाना पाच वर्षांचा झाला आणि एका माणसाकडे दोनच शस्त्रे राहू शकतात. निवडणूक आली की शस्त्र ठाण्यात जमा करण्याचा आदेश येतो. पारवा यांच्या लेखनावरून दिसते की टेक्सासमध्ये अट पूर्ण केली तर अधिकाऱ्याला परवाना द्यावाच लागतो, म्हणजे जबाबदारी पूर्णपणे माणसावर येते. एक विचारतो: तिथले मराठी मंडळ गणपती कुठे बसवते, आणि त्या ठिकाणी परवानाधारकाने काय करायचे?

पारवा

फार योग्य प्रश्न. इथली पुष्कळ मंडळे गणेशोत्सवाचे कार्यक्रम भाड्याने घेतलेल्या शाळेच्या सभागृहात करतात. शाळेच्या इमारतीत शाळेच्या लेखी परवानगीशिवाय परवानाधारकालाही पिस्तूल नेता येत नाही. रविवार आहे, वर्ग भरलेले नाहीत, कार्यक्रम आपला खासगी आहे, असे कोणतेही कारण मी स्वतःला देणार नाही. मंदिरात कायद्याने सरसकट बंदी नाही. पण विश्वस्तांनी ३०.०६ ची पाटी लावली असेल किंवा तोंडी सांगितले असेल, तर आत नेता येत नाही. आमच्या भागातल्या मंदिरात गर्दीच्या सणांना पोलीस अधिकारी नेमलेला असतो. मी पाटी नसतानाही पिस्तूल घेऊन देवासमोर जात नाही. हा माझा प्रश्न आहे, कायद्याचा नाही.

गेल्या वर्षी आरतीला गेलो, तेव्हा पिस्तूल घरच्या सेफमध्ये ठेवून गेलो. गाडीत कुलूपबंद पेटी आहे, परवानाधारकाला शाळेच्या वाहनतळावर गाडीत ते ठेवता येते, पण चोर वाहनतळावरच्या गाड्याच फोडतात आणि चोरीला गेलेले पिस्तूल पुढे कोणाच्या हाती जाईल, ते सांगता येत नाही. परतताना दुकानावरून रोकड घ्यायची होती. ती त्या रात्री घेतली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पत्नी आणि मी दोघे मिळून गेलो आणि बँकेत भरली. आता आम्ही रोजच सकाळी भरतो.

नवा_प्लेनोकर

वकिलांची वेळ घेतली आहे, गुरुवारची. टीमला कळवले की मी येईन, पण काचेमागे बसेन. आमच्या टीममधल्या आणखी दोघांनी मला बाजूला घेऊन विचारले की असे का. त्यांनाही हा धागा पाठवला आहे.